राज्याच्या विवेकाचे पद : कुलपती, न्याय आणि बैहर

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या बैहर तालुक्यात राहणाऱ्या गोंड अथवा बैगा कुटुंबाचा राज्यपाल या एकाच व्यक्तीशी तीन प्रकारचा संबंध येतो, आणि या तीन संबंधांचा नैतिक पाया एकच नाही. राज्यपाल हा प्रथम राज्याचा घटनात्मक प्रमुख असतो आणि त्या नात्याने, राज्यघटनेच्या अनुच्छेद १६३ प्रमाणे, तो सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतो. बैहरचा विद्यार्थी ज्या विद्यापीठाची पदवी घेतो त्याचा तो कुलपतीही असतो. हे पद त्याला घटनेने दिलेले नसून मध्य प्रदेश विश्वविद्यालय अधिनियम, १९७३ या राज्याच्या कायद्याने दिलेले आहे. तिसरे नाते पाचव्या अनुसूचीतून येते. बैहर आदिवासी विकास खंड हा अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि अशा क्षेत्रात संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा लागू होऊ नये, अथवा फेरफारासह लागू व्हावा, असे फर्मावण्याचा असाधारण अधिकार घटनेने राज्यपालाच्या हाती ठेवला आहे. पहिल्या नात्यात त्याने दुसऱ्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब करावे अशी अपेक्षा असते, तर उरलेल्या दोन नात्यांत निर्णयामागे त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धी असावी असे गृहीत धरलेले असते.

येथे ‘कुलपती’ हा शब्द मराठीत रूढ असलेल्या अर्थाने, म्हणजे विद्यापीठाचा सर्वोच्च पदाधिकारी या अर्थाने योजला आहे. मध्य प्रदेशात त्याच पदाला कुलाधिपती म्हणतात. प्रश्न मात्र पदनामाचा नाही. राज्यसंस्थेने आपला विवेक एखाद्या पदाच्या स्वाधीन करणे शक्य आहे काय, आणि ते पद धारण करणारा मनुष्य स्वतःच पराधीन असेल तर त्याच्या निर्णयाला विवेकाचा निर्णय म्हणता येईल काय, असा हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न आहे, आणि तो बैहरसारख्या ठिकाणी जितक्या तीव्रतेने उभा राहतो तितका राजधानीत उभा राहत नाही.

युरोपात ज्या अधिकारपदाला चॅन्सेलर म्हणतात त्याचा उगम रोमन न्यायसभेतील एका गौण सेवकापर्यंत जातो. न्यायाधीश आणि सामान्य जन यांच्यामध्ये असलेल्या जाळीच्या कठड्यापाशी तो उभा असे. पुढे तो लेखनिक झाला, मग राजपत्रांचा प्रमुख झाला, आणि मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाची मोठी मुद्रा त्याच्या ताब्यात आली. मुद्रेशिवाय राजाज्ञा अधिकृत ठरत नसे, म्हणून मुद्राधारकाचे महत्त्व वाढत गेले. हे पद दीर्घकाळ धर्मगुरूंकडे राहिले, आणि त्यातूनच लॉर्ड चॅन्सेलर हा राजाच्या सदसद्विवेकाचा रक्षक होय अशी कल्पना रुजली. सामान्य न्यायालयांत ठरावीक आज्ञापत्रांच्या चौकटीत न बसणाऱ्या तक्रारीला दाद मिळत नसे. अशा वेळी पीडित मनुष्य राजाकडे अर्ज करी, राजा तो चॅन्सेलरकडे पाठवी, आणि चॅन्सेलर नियमाच्या शब्दापलीकडे जाऊन पक्षकारांच्या वर्तनाचा नैतिक विचार करून आज्ञा देई. या न्यायाला इक्विटी, म्हणजे समन्याय, असे म्हणतात. त्याची तात्त्विक मांडणी अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वी केली होती. कायदा सर्वांसाठी एकच बोलतो, जीवनातील प्रसंग मात्र एकसारखे नसतात, त्यामुळे कायद्याच्या सर्वसाधारणपणामुळेच जेथे अन्याय घडतो तेथे कायदा करणारा स्वतः उपस्थित असता तर त्याने काय ठरवले असते याचा विचार करून दुरुस्ती करणे हाच न्याय होय, असे त्याचे म्हणणे होते. सतराव्या शतकाच्या आरंभी सर एडवर्ड कोक या न्यायाधीशाने चॅन्सेलरच्या या अधिकाराला हरकत घेतली, तेव्हा १६१६ मध्ये राजा पहिला जेम्स याने चॅन्सेलरच्या बाजूने कौल दिला.

ही दृष्टी भारतीय परंपरेला अपरिचित नव्हती. याज्ञवल्क्याने दोन स्मृतिवचनांत विरोध आला असता व्यवहारावर आधारलेल्या न्यायाला, म्हणजे युक्तीला, अधिक बलवान मानले. बृहस्पतीने तर केवळ शास्त्राच्या अक्षरावर निर्णय दिल्यास धर्माचीच हानी होते असे बजावले. त्याहून मूलगामी विचार बृहदारण्यक उपनिषदात आहे. तेथे धर्म हा सत्तेच्याही वरची सत्ता म्हणून सांगितला आहे, आणि त्याच्या आधारे दुर्बळ मनुष्य बलवानाला आवरू शकतो असे म्हटले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात हा सारा विचारव्यूह साक्षेपाने उलगडून दाखवला. ते स्वतः मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पाश्चात्त्य समन्याय आणि देशी न्यायविचार यांची प्रत्यक्ष गाठ महाराष्ट्रात पडली ती मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या १८२७ च्या विनियमांत. त्यांतील चौथ्या विनियमाने असे ठरवले की, लिखित कायदा, देशातील रूढी आणि प्रतिवादीचा धर्मनियम यांपैकी काहीच उपलब्ध नसेल तेथे न्यायाधीशाने न्याय, समन्याय आणि सदसद्विवेक यांना अनुसरून निकाल द्यावा. परकीय राजवटीने हा शब्दप्रयोग आपल्या सोयीने वापरला हे खरे, परंतु नियम संपतो तेथे उत्तरदायित्व संपत नाही हे तत्त्व त्यात मान्य झाले होते.

मुद्रा राजाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती देण्यामागचा अर्थ येथे नीट पाहिला पाहिजे. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेत पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब असे, आणि अष्टप्रधानांपैकी सचिवाने, ज्याला सुरनीसही म्हणत, राजपत्रे तपासून त्यांतील अधिकउणे मजकूर शुद्ध करावा असा नियम होता. राजाची इच्छा आणि राज्याची इच्छा यांच्यामध्ये एक तपासणारा मनुष्य उभा करणे, हा या रचनेचा गाभा आहे. परंतु तपासणाऱ्याला नकार देता येत नसेल तर तो निव्वळ कारकून ठरतो. सर टॉमस मोर १५२९ मध्ये इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. राजाने धर्मसंस्थेवर आपले वर्चस्व प्रस्थापित करण्याचा मार्ग धरला तेव्हा १५३२ मध्ये त्याने पद सोडले, आणि राजाला धर्मप्रमुख मानणारी शपथ नाकारल्याबद्दल १५३५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मराठी इतिहासात त्याच्या तोलाचे उदाहरण पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्र्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरले, या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असा निर्णय सत्ताधाऱ्याच्या तोंडावर सांगितला, आणि त्यानंतर त्यांनी पुणे सोडले. दोघांपैकी कोणालाही सत्तेला रोखता आले नाही. तरीही त्यांच्या पदाचा अर्थ त्यांच्या नकारातूनच कळतो, कारण विवेक हा पदाबरोबर आपोआप चालत येत नाही. पद त्याला फक्त बोलण्याची जागा देते.

आधुनिक काळात शासनातील चॅन्सेलरपदाचे रूप पुष्कळ बदलले. जर्मनीत चॅन्सेलर हाच सरकारचा प्रमुख झाला, आणि १९४९ च्या मूलभूत कायद्यानुसार संसदेने त्याचा उत्तराधिकारी निवडल्याशिवाय त्याच्यावर अविश्वास आणता येत नाही. इंग्लंडमध्ये २००५ च्या घटनासुधारणा कायद्याने लॉर्ड चॅन्सेलरचे न्यायव्यवस्थेवरील प्रमुखपद संपुष्टात आणले, कारण मंत्री, सभापती आणि न्यायाधीश या तीन भूमिका एका देहात राहणे सत्ताविभाजनाच्या तत्त्वाशी विसंगत ठरले. भारताच्या विद्यापीठांत मात्र असेच भूमिकांचे संमिश्रण अद्याप टिकून आहे.

विद्यापीठाच्या चॅन्सेलरपदाचे मूळ धर्मसंस्थेच्या नियंत्रणात आहे. पॅरिसमध्ये नोत्र दाम या मुख्य चर्चचा चॅन्सेलर अध्यापनाचा परवाना देत असे, आणि त्याच्या मनमानीविरुद्ध अध्यापकांनी केलेल्या संघर्षाचा शेवट १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी याच्या आज्ञापत्राने चॅन्सेलरच्या अधिकारावर मर्यादा येण्यात झाला. म्हणजे विद्यापीठाच्या स्वायत्ततेचा पहिला मोठा लढा कुलपतीविरुद्धच लढला गेला होता. भारतात हे पद १८५७ मध्ये आले, तेव्हा ते सरळ गव्हर्नर जनरल आणि गव्हर्नर यांना जोडले गेले. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी संमत झाला आणि लॉर्ड एल्फिन्स्टन (१८२७ च्या विनियमांचे एल्फिन्स्टन ते हे नव्हेत) हे त्याचे पहिले कुलपती झाले. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १८ सप्टेंबर १८५७ रोजी, जबलपुरात गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. एकच राजसत्ता एका ठिकाणी ज्ञानाची पालक म्हणून मिरवत होती आणि दुसऱ्या ठिकाणी ज्यांच्यापर्यंत हे ज्ञान पोचायचे होते त्यांच्या राजवंशाचा उच्छेद करीत होती. बैहरचे पठार एकेकाळी याच गढा-मंडल्याच्या राज्यात मोडत होते, आणि आज बालाघाट जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात ते छिंदवाड्याचे विद्यापीठ राजा शंकरशाह यांचे नाव धारण करते. त्याआधी ही महाविद्यालये जबलपूरच्या विद्यापीठाशी संलग्न होती, आणि तेही याच गोंड राज्याच्या राणी दुर्गावतीच्या नावाचे आहे. त्याहीपूर्वी, १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा मध्य प्रांताचा भाग म्हणून बालाघाट त्याच्या क्षेत्रात आला होता, आणि नागपुरात बसणारा गव्हर्नर त्याचा कुलपती होता. विद्यापीठे बदलली, त्यांना गोंड राजांची नावे लाभली, मात्र कुलपतिपदाची १८५७ ची रचना तशीच राहिली.

या रचनेला पर्याय नव्हता असे नाही. प्राचीन परंपरेत कुलपती म्हणजे दहा हजार शिष्यांना अन्न देऊन त्यांचे अध्यापन करणारा ऋषी. महाभारताच्या आरंभी नैमिषारण्यात सत्र चालवणारा शौनक आणि कालिदासाच्या नाटकातील कण्व हे असे कुलपती होते. दहा हजारांचा आकडा अतिशयोक्तीचा असेल, परंतु अन्नाची जबाबदारी अध्यापनाच्या आधी सांगितली आहे, ही गोष्ट बैहरच्या आदिवासी वसतिगृहांचा विचार करताना विसरता येणार नाही. अर्वाचीन काळातही महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ स्थापिले तेव्हा त्याचे कुलपतिपद कोणा गव्हर्नरला न देता रामकृष्ण गोपाळ भांडारकर या विद्वानाला दिले. सरकारी मान्यतेची वाट न पाहता उभ्या राहिलेल्या या संस्थेला नैतिक वजन हवे होते, आणि ते भांडारकरांच्या विद्वत्तेने व समाजसुधारणेच्या निष्ठेने दिले.

पदसिद्ध कुलपतीच्या प्रश्नाचा मर्मभेद करणारा युक्तिवाद द्यूतसभेतील द्रौपदीच्या प्रश्नात आहे. युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवले की आधी तिला, एवढेच तिने विचारले. परंतु त्यामागे असा सिद्धान्त होता की, ज्याने स्वतःचे स्वातंत्र्य गमावले आहे त्याला दुसऱ्यावर अधिकार चालवण्याची पात्रता उरत नाही. भीष्माने धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून उत्तर टाळले. विदुर आणि विकर्ण बोलले, पण सभेचे नियंत्रण त्यांच्याकडे नव्हते. हाच प्रश्न कुलपतीला लावला तर काय दिसते? राज्यपालाची नियुक्ती राष्ट्रपती करतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार करते, आणि राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. राज्यप्रमुख म्हणून तो राज्याच्या मंत्रिमंडळाने बांधलेला, पदाच्या सुरक्षिततेसाठी केंद्राने बांधलेला, आणि कुलपती म्हणून मात्र त्याने दोघांनाही बाजूला ठेवून केवळ विद्येच्या हिताचा विचार करावा अशी कायद्याची अपेक्षा. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनियुक्ती रद्द केली ती याच तत्त्वावर. नियुक्तीचा अधिकार कुलपतीचा आहे, आणि राज्य सरकारच्या हस्तक्षेपाने तो निर्णय कुलपतीचा उरला नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल योग्यच आहे. परंतु हस्तक्षेप करणारी सत्ता राज्याऐवजी केंद्राची असेल, आणि ती कागदावर न दिसता अपेक्षेच्या रूपाने काम करीत असेल, तर न्यायालयाला ती सापडणार कशी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

राज्य सरकारांनी शोधलेले उपाय बहुधा रोगाची बाजू बदलणारे आहेत. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलेल्या विधेयकात मंत्र्याला प्र-कुलपती करण्याची आणि कुलगुरुपदासाठी राज्यपालाकडे सरकारनेच दोन नावे पाठवण्याची तरतूद होती. सत्तांतरानंतर ते मागे घेतले गेले. पश्चिम बंगालच्या विधानसभेने २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यालाच कुलपती करणारे विधेयक मंजूर केले. मध्य प्रदेशात तर १९७३ च्या अधिनियमातील कलम ५२ राज्य शासनाला अधिसूचना काढून विद्यापीठाच्या प्रशासनाची नेहमीची घडी बाजूला सारण्याची मुभा देते. केरळने २०२२ मध्ये नामवंत शिक्षणतज्ज्ञाला कुलपती नेमण्याचे विधेयक आणले आणि केरळ कलामंडलम या कलाविद्यापीठाच्या कुलपतिपदी नृत्यांगना मल्लिका साराभाई यांची निवड केली. नेमणूक सरकारनेच केली असली तरी दिशा या सर्वांत बरी होती. केंद्र-राज्य संबंधांचा विचार करणाऱ्या पुंछी आयोगाने राज्यपालावर कुलपतीसारखी घटनेबाहेरची कामे लादू नयेत अशी शिफारस २०१० मध्येच केली होती. त्या शिफारशीमागे राज्यपालाला वादापासून वाचवण्याचा हेतू होता. बैहरच्या दृष्टीने तिला आणखी एक, अधिक गंभीर, आधार आहे.

तो आधार पाचव्या अनुसूचीत आहे. तिच्या पाचव्या परिच्छेदाने राज्यपालाला दिलेला अधिकार तत्त्वतः चॅन्सेलरच्या समन्यायाचाच अधिकार आहे, कारण जो सर्वसाधारण कायदा इतरत्र न्याय्य ठरतो तोच आदिवासी जीवनात अन्याय घडवू शकतो हे घटनाकारांनी त्यात मान्य केले. बैगांचा इतिहास याची साक्ष देतो. जंगलाचा तुकडा जाळून त्या राखेत बी पेरण्याच्या त्यांच्या शेतीला बेवर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याच्या नियमांनी ती बंद पाडली आणि १८९० मध्ये आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील बैगाचक या लहानशा टापूपुरती मर्यादित केली. धरित्रीच्या छातीवर नांगर चालवणे हे बैगांच्या श्रद्धेनुसार पाप होते, त्यामुळे त्यांच्यापुढे केवळ पोटाचा नव्हे, धर्माचाही प्रश्न उभा राहिला. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात ही व्यथा नोंदवली. पुढे राष्ट्रीय उद्यान झालेल्या कान्हाच्या जंगलातून गावे उठवली गेली. प्रत्येक वेळी कायदा होता, त्याचा हेतूही पुष्कळदा चांगला होता, आणि तरीही ज्याच्यावर तो चालला त्याच्या जीवनाला थोडे थांबून पाहणारा कोणी अधिकारी नियमाच्या वाटेवर उभा नव्हता. पाचवी अनुसूची तो अधिकारी उभा करते. मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी याच परिच्छेदाखाली वनहक्क कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता बदल करून, जिल्हास्तरीय समितीने फेटाळलेल्या दाव्यांवर विभागीय समितीकडे अपील करण्याची वाट खुली केली. मूळ कायद्यात जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम होता. अशी उदाहरणे देशात विरळ आहेत. ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ मध्ये झाला, आणि मध्य प्रदेशात त्याचे नियम यायला २०२२ साल उजाडावे लागले.

यावर एक आक्षेप निघतो, आणि तो टाळून चालणार नाही. जॉन सेल्डन या इंग्रज विधिज्ञाने समन्यायाची थट्टा करताना असे सुचवले होते की, चॅन्सेलरच्या विवेकाला माप धरणे म्हणजे त्याच्या पावलाला लांबीचे माप मानणे. मनुष्य बदलला की माप बदलणार. टॉमस हॉब्ज याने तर कायदा हाच सार्वजनिक विवेक आहे, खासगी विवेकाला राज्यात स्थान नाही, अशी भूमिका घेतली. निवडून न आलेल्या राज्यपालाने निवडून आलेल्या विधिमंडळाचा कायदा थोपवावा काय, ही लोकशाहीवादी शंका त्यातूनच येते, आणि या अधिकारातही राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे की नाही याबद्दल कायदेपंडितांत मतभेद आहेत. या आक्षेपाचे उत्तर विवेक सोडून देण्यात नाही. इंग्लंडच्या चॅन्सेलरांनी पुढील दोन शतकांत आपल्या निर्णयांची कारणे लिहून ठेवली, पूर्वनिर्णयांचा आदर केला, आणि त्यांच्या विवेकाला तत्त्वाचे रूप आले. पाचव्या अनुसूचीने राज्यपालावर अनुसूचित क्षेत्राच्या प्रशासनाचा वार्षिक अहवाल राष्ट्रपतींना देण्याचे बंधन घातले आहे आणि जनजाती सल्लागार परिषदेचीही योजना केली आहे. तो अहवाल विधानसभेसमोर आणि बैहरच्या ग्रामसभांसमोर सकारण मांडला गेला, तर त्यामागच्या विवेकाची पारख सर्वांना करता येईल.

कुलपतिपदाविषयीचा वाद गेल्या काही वर्षांत कुलगुरू कोणी नेमावा एवढ्यावरच येऊन थांबला आहे, आणि त्यात राज्यपालाचे जे लक्ष व जी प्रतिष्ठा खर्च होते ती अनुसूचित क्षेत्रांच्या वाट्याची आहे. विद्यापीठाचे कुलपतिपद भांडारकरांसारख्या विद्येने अधिकारी ठरलेल्या व्यक्तीकडे, अध्यापक व पदवीधर यांच्या संमतीने, जावे. मंत्र्याकडे तर ते मुळीच जाऊ नये. राज्यपालाने घटनेने खास त्याच्यावर सोपवलेला विवेक वापरावा, कारण तो दुसरा कोणीही वापरू शकत नाही. पहिल्या बदलासाठी मध्य प्रदेश विधानसभेला १९७३ च्या अधिनियमात दुरुस्ती करावी लागेल. दुसऱ्यासाठी नवा कायदा लागत नाही. राजपत्रात प्रसिद्ध झालेली राज्यपालाची एक अधिसूचना पुरेशी आहे.